तंबूचा तख्ता

देवराव मुनेश्वरांची आठवण झाली की आधी माझं डोकं तापतं आणि मग वाईट वाटतं. इतक्या वर्षांत हा क्रम काही बदललेला नाही. माणूस वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण देवराव सज्जन होते, कामाला चोख होते, आणि कुठलीही वस्तू निवडायला बसले की समोरच्याला जीव नकोसा करून सोडत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी तलमडुगूच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून लागलो. मंडल कचेरी, म्हणजे तहसिलीसारखी सरकारी कचेरी, नुकतीच झाली होती आणि देवराव तिथे कारकून होते. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे ते, त्यांची बायको शांतावहिनी आणि त्यांचे म्हातारे वडील सखाराम, ज्यांना सगळी गल्ली आबाजी म्हणायची. देवराव उंच आणि किडकिडीत. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. कागदावर रेघा मारायचा लाकडी गोल रूळ कायम काखेत. तो रूळ ते कचेरीत ठेवून येत नसत. "तिथं कोनीबी उचलते," म्हणायचे.

त्या रुळानं ते तख्ते आखत. चार गोष्टींची तुलना करायची असली की कचेरीत रकाने पाडून जो कागद करतात, त्याला आमच्याकडे निजामाच्या काळापासून तख्ता म्हणतात. शेवटचा रकाना कैफियतीचा. सगळं तपासून झाल्यावर तिथे शेरा लिहायचा, मंजूर किंवा नामंजूर. कचेरीतल्या बाकीच्या लोकांचे तख्ते कचेरीत राहत. देवरावांचे घरी येत.

मी राहायला आलो त्याच महिन्यात वहिनींची बादली फुटली. दुसरा कोणी असता तर बाजारातून एक आणून मोरीत ठेवली असती. देवरावांनी तीन दुकानांतल्या बादल्या पाहिल्या आणि तख्ता केला. कडी, बूड, काठ, वजन आणि आवाज. मी विचारलं, "देवरावभाऊ, आवाजाचा रकाना कायले?"

"वाजवून पाहा लागते ना मास्तर. दुसरी बाजू पाहा लागते. घाई कायची?"

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. दुसरी बाजू पाहा लागते. घाई कायची. वहिनी दीड महिना माझ्या घरची बादली नेत होत्या. शेवटी त्यांनी फेरीवाल्याकडून जुन्या कपड्यांवर एक बादली घेतली, तेव्हा देवराव कैफियतीच्या रकान्यापर्यंत पोचलेलेच नव्हते.

पण एक सांगायला हवं, नाहीतर माणसावर अन्याय होईल. जवळच्या खेड्यातल्या एका विधवा बाईचं शेत तिच्या दिराच्या नावावर गेलं होतं. कागद चार हातांतून फिरून आला होता आणि सगळ्यांनी सही केली होती. देवरावांनी तो तिसऱ्यांदा वाचला. दोन शेतांचे नंबर अदलाबदल झालेले त्यांना दिसले. ते भर उन्हात सायकल मारत त्या शेतावर गेले, धुरे म्हणजे बांध पाहिले, पहाणीची, म्हणजे शेतांच्या नोंदीची, जुनी वही काढली आणि बाईचं शेत बाईच्या नावावर आणून दिलं. त्यानंतर दर वर्षी त्या बाईकडून हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या येत. देवराव त्यातल्या अर्ध्या मला देत आणि मी खाताना मनात म्हणायचो, या माणसावर चिडायचं तरी कसं?

चिडायची वेळ आबाजींमुळे आली.

आबाजी जन्मभर सालगडी होते. मालकाचं शेत गावाबाहेरच्या तळ्याला लागून होतं, आणि म्हाताऱ्याला गळानं मासे धरायचा भारी नाद. पण सालगड्याला वेळ कुठला? बैल पाण्यावर न्यायचे तेवढ्यात गळ टाकायचा, मालकाची हाक आली की काढायचा. "जिंदगीभर चोरून गळ टाकला मास्तर," ते मला सांगायचे. "दांडी हालली का हाक येत जाय. आता टाइम आपला हाये, तं दम नाही."

दांडी म्हणजे मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा. तो गळाच्या दोरीला बांधतात. पाण्यावर तरंगत असतो, मासा लागला की बुडतो. आबाजींचं सगळं लक्ष त्या दांडीवर. आणि दम नाही म्हणजे दमा. आदिलाबादकडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. पहाटे तळ्यावरून वारा आला की तरण्या माणसाचेही दात वाजतात. डॉक्टरांनी आबाजींना वाऱ्यात बसायची सक्त मनाई केली होती. आणि आबाजींचं म्हणणं असं, की मरळ मासा कडेला येतो तो थंडीतच, ऊन चढायच्या आत. त्यांना एकदा, एकच सकाळ, घाई न करता तळ्यावर बसायचं होतं. कोणाची हाक येणार नाही अशी सकाळ. याउपर म्हातारा काही मागत नव्हता.

देवरावांचं बापावर फार प्रेम होतं. ते त्यांनी ताबडतोब कामाला लावलं, म्हणजे तख्त्याला.

निमित्त झालं एका रद्दीच्या कागदाचं. आदिलाबादच्या बाजारातून वहिनींनी फुटाणे आणले, ते कुठल्या तरी परदेशी मासिकाच्या गुळगुळीत पानात बांधलेले होते. पानावर रंगीत चित्र. सगळीकडे पांढरं बर्फ, एक गोठलेलं तळं, त्यावर लाल रंगाचा इवलासा तंबू आणि तंबूच्या दारात टोपडं घातलेला माणूस. बर्फाला भोक पाडून त्यानं त्यात गळ सोडला होता. बाजूला तोच तंबू घडी करून पिशवीत घातलेला, म्हणजे एकटा माणूस खांद्यावर टाकून नेईल असा.

आबाजींनी ते चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. "हा येडा बर्फावर बसला ना बे! याचं तळं गोठून गेलं तरी हा मेला नाही. मंग मी काऊन मरीन?"

देवराव हसले नाहीत. त्यांनी पान सरळ केलं, फुटाण्यांची सालं झटकली आणि डायरीत चिकटवलं. "बाबा, तुमाले मी असाच तंबू आनून देतो. वारा लागणार नाही, उचलाले हलका, लावाले सोपा. मंग बसा आरामात."

"आन ना," आबाजी म्हणाले. "पन लवकर आन."

त्या रात्री देवरावांनी नवा तख्ता आखला. त्यात मी मोजले तेव्हा अकरा रकाने होते. वजन, उंची, घडी, वारा, दव, खुट्या, दोऱ्या, लावायला लागणारा वेळ, सायकलवर नेण्याची सोय, धूर आणि कैफियत. धुराचा रकाना आतमध्ये शेगडी ठेवता येईल का यासाठी. मी मनापासून कौतुक केलं. मला वाटलं, पंधरा दिवसांत म्हातारा तळ्यावर असेल.

पहिला उमेदवार बांबूच्या तट्ट्यांचा होता. टोपल्या विणणाऱ्या एका माणसाकडून देवरावांनी चार तट्टे करून घेतले, दोऱ्यांनी जोडले की खोपी होईल असे. परीक्षा शाळेच्या मैदानावर ठेवली. रविवार होता. आबाजी खोपीत जाऊन बसले, देवराव रूळ घेऊन बाहेरून उंची मोजत होते, मी दोरी धरून उभा. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि खोपी उचलली जाऊन मैदानाच्या कुंपणाला जाऊन अडकली. आबाजी जिथे बसले होते तिथेच राहिले, उघड्यावर, मांडी घालून.

"उडाली," ते म्हणाले. "बरं झालं. त्यातून दांडी दिसली नसती."

"बाबा, दांडीचं मांगून पाहू," देवराव म्हणाले. "आधी वारा."

मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं. आज मला त्या वाक्याचा फार राग येतो. अकरा रकाने केले, पण बाराव्याची जागा म्हाताऱ्यानं बोटानं दाखवली होती आणि देवराव म्हणाले मागून पाहू. आणि मीही तिथेच उभा होतो, हातात दोरी घेऊन, गप्प.

ती थंडी तशीच गेली. उन्हाळ्यात देवरावांनी काही केलं नसेल असं समजू नका. त्यांनी प्लास्टिकचा कागद चार काठ्यांवर ताणून पाहिला. आत बसलं की श्वासाचं पाणी होऊन टपटप अंगावर पडतं असं निघालं. नामंजूर. मच्छरदाणीला वरून मांजरपाट शिवून पाहिलं. उभं करायला दोन माणसं लागतात असं निघालं. नामंजूर. मी म्हटलं, "अहो, दोन माणसं लागू द्या ना! मी येतो की!" तर म्हणाले, "मास्तर, तुमची बदली झाली मंग?"



दुसऱ्या थंडीत आम्ही आदिलाबादला छत्री पाहायला गेलो. केळीवाले हातगाडीवर लावतात ती मोठी छत्री, कडेनं कापड सोडलं की तंबूच होईल, ही कल्पना माझी. वाईट नव्हती. दुकानदारानं सहा छत्र्या उघडून दाखवल्या. देवरावांनी प्रत्येकीच्या काड्या मोजल्या, प्रत्येकीखाली उकिडवं बसून वर पाहिलं आणि दांडा जमिनीत किती रुतेल हे विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहब, यहाँ तो पक्का फ़र्श है." मग देवराव बाहेर जाऊन माती शोधायला लागले. दुपारी जेवायची वेळ टळली. शेवटी दुकानदारानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मास्टरजी, इनको लेना है, कि सिर्फ़ देखना है?"

"लेना है," मी म्हणालो. "आज ही लेना है."

देवरावांनी तख्त्यात काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "अच्छी है. अगले हफ़्ते बताता हूँ." परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही. ते खिडकीतून बाहेर कापसाची शेतं पाहत होते आणि मधेच म्हणाले, "बाबाले कोनतीबी वस्तू देऊन चालणार नाही, मास्तर. त्याईनं आतापर्यंत दुसऱ्यानं टाकून देल्लेलंच वापरलं." मग माझा राग अर्धा उतरला. देवरावांवर पूर्ण रागावणं मला कधी जमलंच नाही.

घरी आलो तेव्हा आबाजी ओट्यावर ऊन घेत बसले होते. आमचे रिकामे हात त्यांनी पाहिले. मग आतल्या खुंटीकडे मान करून म्हणाले, "देवराव, माही घोंगडी हाये ना खुटीले. घोंगता केला का झाली झोपडी."

घोंगता म्हणजे घोंगडी मधून दुमडून डोक्यावरून घ्यायची आणि पुढून सोडायची. वारा, पाऊस काही लागत नाही. आमच्याकडचे राखणदार तसेच बसतात. मी म्हणणार होतो की बरोबर आहे, एवढं सोपं असताना आपण काय करतो आहोत. पण देवरावांचा चेहरा पाहून थांबलो. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

"ते घोंगडी नाही!"

"काऊन?"

"ते घेऊन तुमी तीस वर्सं मालकाच्या धुऱ्यावर बसले. दुसऱ्याची ज्वारी राखली. मी लहान होतो, तुमाले भाकर घेऊन येत जाओ, तं अंधारात तुमी दिसत नव्हते, घोंगडीच दिसत जाय. आता मी कारकून झालो आन् तुमी पुन्हा त्याच तळ्यावर त्याच घोंगडीत बसान? लोक काय म्हनतीन?"

आबाजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "घोंगडीचा काय कसूर हाये रे लेका? मालकानं काय देल्लं ते मले ठाव हाये. ऊब तं घोंगडीनं देल्ली."

देवराव घरात निघून गेले. घोंगडी खुंटीवरच राहिली. ती तख्त्यात कधीच चढली नाही.

तिसऱ्या थंडीआधी नागपूरहून बातमी आली. तिथे जुन्या लष्करी सामानाचं एक दुकान होतं आणि त्यांच्याकडे एकट्या माणसाचा कॅनव्हासचा तंबू होता. हलका, घडीचा, पिशवीत बसणारा. देवरावांनी पत्र टाकलं. उत्तर आलं. यांनी पुन्हा पत्र टाकलं, शिवण एकेरी का दुहेरी. उत्तर आलं, दुहेरी. पुन्हा पत्र, खुट्या लोखंडी का लाकडी. दुकानदार भला माणूस असावा, त्यानं खुटीचं चित्र काढून पाठवलं. एकेक रकाना भरत गेला. मी रोज शाळेतून येताना विचारायचो, "मागवला का?" आणि रोज उत्तर, "एक बाजू राह्यली." शांतावहिनी एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "मास्तर, तुमीच सांगा त्याईले. मामंजी रात्री बसून राह्यते, झोपता येत नाही त्याईले." मी सांगितलं. देवराव म्हणाले, "म्हनूनच तं मास्तर. आता चूक करून चालणार नाही."

शेवटी डिसेंबरात एकदाचं ठरलं. दुकानदाराचं पत्र आलं, की चार दिवसांत पार्सल बसवर चढवतो. देवरावांनी ते पत्र मला स्वतः वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नुकतं उजाडलं होतं, माझ्या दाराची कडी वाजली. उघडलं तर आबाजी. एका हातात गळाची काठी, दुसऱ्यात गांडुळांचा डबा, आणि काखेत ती घोंगडी. एवढं चालूनच त्यांना धाप लागली होती. देवराव कचेरीच्या कामानं पहिल्या गाडीनं आदिलाबादला गेले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "मले सायकलवर तळ्यावर सोडून दे. शाळेच्या टायमाआधी वापस आनजो. देवरावले सांगू नको."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मला हो म्हणावंसं वाटत होतं. सायकल दाराशीच होती. तळं मैलभर लांब. पण बाहेर वारा सुटला होता, आणि मनात आलं, याला तिथे काही झालं तर देवरावांना मी काय तोंड दाखवू? तीन हिवाळे त्या माणसानं ज्याची तयारी केली, ती मी त्याच्या पाठीमागे मोडू?

"आबाजी, तंबू येऊन राह्यला," मी म्हणालो. "पत्र आलं ना काल. चार दिवसाची गोष्ट हाये. तंबूत बसून जाल, मीबी येतो संगं."

"चार दिवस?"

"चारच दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. "बरं," म्हणाले. थोडा वेळ पायरीवर उन्हात बसले आणि जाताना डबा माझ्या हातात दिला. "हे ओल्या मातीत ठेव. नाही तं मरतीन."

मी डबा न्हाणीमागच्या ओल्या मातीत पुरून ठेवला.

चार दिवसांत तंबू आला नाही. आठ दिवसांत आला नाही. मी देवरावांना खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी त्याच आठवड्यात नागपूरला आणखी एक पत्र टाकलं होतं. तंबूचं दार उजव्या हाताला उघडतं का डाव्या, कारण बाबा डावखुरे. उत्तर येईपर्यंत माल रोखून ठेवा म्हणून. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "डाव्या हातानं गळ ओढते ते. दार आडवं आलं तं?"

आबाजी त्यानंतरच्या आठवड्यात गेले. दुपारी, घरातच, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. वस्तीतली सगळी माणसं जमली, बुद्धवंदना झाली, आणि देवराव सगळं काही नीट, क्रमानं, एकही गोष्ट न चुकवता करत राहिले. घरी येऊन मी न्हाणीमागचा डबा उकरला. गांडुळं जिवंत होती. ती तिथेच मातीत सोडून दिली आणि डबा फेकताना मला रडू आलं.

पार्सल त्यानंतर नऊ दिवसांनी आलं. कंडक्टरनं ते ओट्यावर आणून टाकलं. देवरावांनी दोऱ्या न कापता एकेक गाठ सोडवली, सगळं बाहेर काढून मांडलं आणि दुकानदाराच्या यादीशी ताडून पाहायला लागले.

"एक खुटी कमी हाये," ते म्हणाले.

आणि माझा तोल गेला. "कोनाले बसवता आता त्यात?" मी ओरडलो. "कोनासाठी खुट्या मोजून राह्यले तुमी?"

देवरावांनी वर पाहिलं. हातात लोखंडी खुटी तशीच होती. मी तिथून निघून आलो. नंतर मी माफी मागितली, त्यांनी मान हलवली, पण आमच्या दोघांमधलं काहीतरी त्या दिवशी मोडलं. त्यांनी मला आबाजींबद्दल काही विचारलं नाही. आणि आबाजी त्या सकाळी माझ्या दारात आले होते, हे मीही त्यांना कधी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या दिरंगाईवर इतका बोललेला माणूस मी. माझे चार दिवस कुठल्या तोंडानं सांगणार होतो? पुढच्या जूनमध्ये माझी बोथ गावच्या शाळेत बदली झाली.

नव्वदच्या दशकात, बऱ्याच वर्षांनी, एका लग्नासाठी मी तलमडुगूला निघालो होतो. पौष महिना, सकाळची पहिली बस. तळ्याच्या वळणावर खिडकीतून मला बांधावर एक तंबू दिसला. मळकट हिरवा, बुटका. मी कंडक्टरला हाक मारून गाडी थांबवली आणि उतरलो.

तंबू रिकामा होता. वारा येत होता त्या अंगाला लावलेला, आणि त्याच्या आडोशाला, बाहेर, देवराव बसले होते. घोंगता करून. डोक्यावरून आलेल्या काळ्या घोंगडीतून फक्त नाक आणि चष्मा दिसत होता. हातात गळाची काठी. काखेत रूळ नव्हता.

"जयभीम, देवरावभाऊ."

"अरे मास्तर! जयभीम. कवा आले?"

"आताच. तुमी आत काऊन नाही बसून राह्यले?" इतक्या वर्षांनी भेटत होतो आणि माझ्या तोंडून पहिली निघाली ती तक्रारच. "एवढा तंबू लावला, आन् वाऱ्यात बसता?"

"आत बसलं का उंबऱ्याचं कापड आडवं येते," ते म्हणाले. "दांडी दिसत नाही."

मी वाकून आत डोकं घालून पाहिलं. खरंच दिसत नव्हती. पलीकडचा काठ दिसत होता, पळसाची झाडं दिसत होती, आणि पाण्याचा जवळचा हातभर पट्टा, जिथे दांडी होती, तेवढाच दिसत नव्हता. मला एकदम सगळं पुन्हा आठवलं, मैदान, दोरी, मांडी घालून बसलेला म्हातारा. मी तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि उभ्या उभ्या, त्यांच्याकडे न पाहता, बोलून टाकलं.

"देवरावभाऊ, तुमाले एक सांगाचं राह्यलं. तुमी आदिलाबादले गेले होते त्या दिवशी आबाजी माह्या घरी आले होते. हेच घोंगडी घेऊन. तळ्यावर सोडून दे म्हने. मी नाही म्हनलं. तंबू येऊ द्या म्हनलं."

देवराव दांडीकडे पाहत होते. त्यांनी नजर हलवली नाही.

"माहीत हाये," ते म्हणाले. "बाबानं त्याच रात्री सांगतलं मले. हासून राह्यले होते. म्हने, मास्तर चांगला मानूस होता रे, पन त्यालेबी तुही सवय लागली."

वारा कानाला झोंबत होता. देवरावांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, घोंगडीची एक बाजू उचलली आणि थोडे पलीकडे सरकले.

"या आत," म्हणाले. "दोन मानसं मावते यात."